वातावरणाचा ताळेबंद आणि वऱ्हाडचे पर्जन्यमापक

जुन्या शाळांतून गुणाकार शिकविताना मुलांस ताळा पाहावयास शिकवीत असत. नऊ-नऊ टाकून उरलेले अंक दोन्हीकडे जुळले, म्हणजे उत्तर बरोबर आले असे मूल समजे. परंतु चाणाक्ष पंतोजी आणखी एक गोष्ट बजावून ठेवी : ताळा चुकला तर गुणाकार खात्रीने चुकलेला असतो, पण ताळा जमला म्हणून गुणाकार बरोबर असेलच, असे मात्र नाही. ७२ च्या जागी चुकून २७ मांडले, तरी ताळा जमतोच. आज ज्या विषयासंबंधी आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत, त्याचे सारे मर्म या साध्या गोष्टीत आहे. विषय आहे वातावरणाच्या ऊर्जेचा जमाखर्च, आणि तो निरनिराळ्या दप्तरांतून मांडला असता जुळतो की नाही, याची गेल्या दीडशे वर्षांतील तपासणी. हा विषय ऐकावयास आकाशाएवढा वाटला, तरी त्याची काही पाने अमरावती व अकोला या आपल्या वऱ्हाडातील गावांत लिहिली गेली आहेत.

प्रथम हा जमाखर्च म्हणजे काय ते पाहू. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटर जागेवर सुमारे १३६१ वॅट इतकी ऊर्जा येऊन पडते. पृथ्वी गोल असल्यामुळे व तिची एक बाजू सदैव अंधारात असल्यामुळे, सर्व पृष्ठभागावर वाटणी केली असता हा आकडा चौथा हिस्सा, म्हणजे ३४० वॅट, इतका होतो. त्यापैकी सुमारे १०० वॅट ढग, बर्फ, वाळू वगैरेंवरून परत फिरतात. उरलेले २४० वॅट पृथ्वी व तिचे वातावरण मिळून शोषून घेतात आणि जवळजवळ तितकीच ऊर्जा उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या रूपाने पुन्हा अंतराळात सोडून देतात. ही झाली सबंध पेढीची खातेवही. तीत वातावरणाचे एक पोटखाते आहे. वातावरण किरणांच्या रूपाने जितकी उष्णता घेते, तिच्यापेक्षा दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट अधिक घालविते. ही तूट कोणी भरून काढली नाही, तर हवा दिवसेंदिवस थंड होत जाईल. ती भरून निघते दोन मार्गांनी : काही अंशी तापलेल्या जमिनीचा स्पर्श होऊन वर चढणाऱ्या हवेने, आणि बव्हंशी पावसाने.

पावसाने हवा तापते, हे वाक्य जून महिन्याच्या पहिल्या सरीने सुखावलेल्या वऱ्हाडकरास विपरीत वाटेल. परंतु पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी उष्णता गुप्त होते, आणि ढगात त्या वाफेचे पुन्हा पाणी होताना ती सारी मोकळी होते. जमिनीवर थेंब पडून आपणांस गारवा मिळतो, तेव्हा वर ढगात त्या थेंबाने आपली उष्णता हवेच्या स्वाधीन केलेली असते. हिशेब करून पाहू. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे १०३ टन पाणी पडले. त्याने वर सोडलेली उष्णता विजेच्या मापाने ७१ हजार युनिटांहून अधिक भरते. अकोल्यास वर्षाकाठी सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत पडतो. तेवढ्या काळापुरता हिशेब केल्यास अकोल्यावरील हवेस दर चौरस मीटरला सुमारे १६० वॅट उष्णता मिळते असे दिसते. यातील मोठा भाग वऱ्हाडाचा नव्हेच. तो दूर समुद्रावर सूर्याने भरलेला, वाऱ्याने वाहून आणलेला आणि पूर्णेच्या खोऱ्यात उतरविलेला माल आहे.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्याला आपण पाऊस मोजण्याचे साधन म्हणतो, तो पर्जन्यमापक वस्तुतः उष्णता मोजण्याचेही साधन आहे. साऱ्या पृथ्वीवर वर्षाकाठी सरासरी सुमारे एक मीटर पाऊस पडतो. त्याचा गुणाकार केला असता उत्तर ८० वॅटांच्या आसपास येते. म्हणजे वातावरणाची तूट किरणे मोजून काढा किंवा पाऊस मोजून काढा, दोन्ही उत्तरे जुळली पाहिजेत. हाच तो ताळा.

आता ही दप्तरे कशी निर्माण झाली ते पाहू. इ. स. १८६४ साली कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले, १८६६ साली पाऊस चुकून ओरिसात दुष्काळाने हाहाकार उडविला, आणि १८७१ साली पुन्हा पावसाने दगा दिला. त्यापूर्वीही प्रांतोप्रांती पाऊस मोजला जात असे. पण वेळ निराळी, भांडे निराळे, आणि ते ठेवण्याची जागाही निराळी. अशा आकड्यांची बेरीज करणे म्हणजे बंगाली मण आणि वऱ्हाडी मण एकाच ओळीत मांडण्यासारखे होते. १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड यांजकडे त्याची सूत्रे आली, तेव्हा त्यांच्यापुढील पहिले काम भविष्य सांगण्याचे नव्हते. मापे एक करण्याचे होते.

वऱ्हाड त्या वेळी निजामाचे नावे असून १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या कारभाराखाली होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या गावी पर्जन्यमापके बसली. जस्ताचे ते लहानसे यंत्र पुष्कळांनी तहसील कचेरीच्या आवारात पाहिले असेल. त्याचे तोंड अवघे पाच इंच व्यासाचे. रोज सकाळी आठ वाजता कोणी कारकुनाने बाटलीतील पाणी मापपात्रात ओतावयाचे, आकडा वाचावयाचा आणि वहीत लिहावयाचा. वऱ्हाडाचा कारभार १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. इंच जाऊन मिलिमीटर आले. परंतु सकाळची ती नोंद चालू राहिली. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत पार्थसारथी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७१ पासूनची पावसाची जी सलग मालिका सिद्ध केली, तीसाठी साऱ्या देशातून सारखी विखुरलेली ३०६ ठिकाणे निवडली होती, आणि तीत विदर्भाचा विभाग स्वतंत्र मांडला आहे. दीडशे वर्षांचा पाऊस एका सूत्रात ओवता आला, तो या नामनिर्देशही नसलेल्या कारकुनांच्या नियमितपणामुळे.

मापे एक झाल्यावर अंदाजाची उमेद वाढणे साहजिकच होते. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली हिमालयावरील बर्फ आणि पुढील पावसाळा यांचा संबंध सुचविला व १८८६ पासून मोसमी पावसाचा अंदाज नियमाने प्रसिद्ध होऊ लागला. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी तो आणखी विस्तृत केला. पण १८९९ साली पावसाने पाठ फिरविली, अंदाज साफ फसला, आणि १८९९–१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावरही कोसळला. कापसाच्या पैशाने भरभराटलेल्या या सुपीक प्रांतास अन्नान्नदशा येईल, असे कोणास वाटले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे हे अंदाज लोकांस न देता केवळ सरकारापुरते ठेवण्यात आले.

१९०४ साली आलेले गिल्बर्ट वॉकर हे मुळात गणिती. जंगले तोडल्याने व कालवे खणल्याने हिंदुस्थानचे हवामान कायमचे बदलले, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. ती खरी की खोटी, हे त्यांनी वाद घालून नव्हे, तर जुन्या नोंदी तपासून पाहिले. तेव्हाच्या आकड्यांवरून असा कायमचा पालट सिद्ध होत नाही, असा निर्णय त्यांनी १९१० साली दिला. दूरदूरच्या ठिकाणांचे वायुभार ताडून पाहता पाहता प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांमधील वायुभाराचा जो झोका त्यांस आढळला, त्यास त्यांनी १९२४ साली ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. ज्यास आज आपण ‘एल निनो’ म्हणतो, तो या झोक्याचाच सागरी जोडीदार. १८७७ व १८९९ ही दोन्ही वर्षे एल निनोची होती.

याच कचेरीत जॉर्ज सिम्प्सन नावाचे दुसरे एक शास्त्रज्ञ होते. जमीन तापते, हवा हलकी होते, म्हणून समुद्रावरून वारा येतो, ही मोसमी पावसाची उपपत्ती १६८६ साली हॅली या ज्योतिर्विदाने मांडल्यापासून सर्वमान्य झालेली होती. सिम्प्सन यांनी १९२१ साली तिच्यावर एक साधा आक्षेप घेतला. जमिनीचे तापणे हेच कारण असते, तर पावसाचा जोर मे महिन्यात असावयास हवा होता. आणि जे वर्ष अधिक तापते, ते अधिक पावसाचे असावयास हवे होते. प्रत्यक्षात पाऊस कमी झालेली वर्षेच अधिक तापलेली आढळतात. अकोल्याचा मे महिना ज्याने सोसला आहे, त्यास हा आक्षेप समजावून सांगावयास नको. तेथे पारा ४५ अंशांवर जातो आणि आकाशात ढगाचा ठिपका नसतो; पुढे जुलैत जमीन थंडावते, तरी पाऊस चालूच राहतो. पुढील काळात डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांच्या साहाय्याने दाखविले, की मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळील मेघमालेचे ऋतूबरोबर उत्तरेस सरकणे होय. ती मेघमाला आपल्याच पावसाने मोकळ्या केलेल्या उष्णतेवर पोसली जाते.

सिम्प्सन यांची दुसरी कामगिरी आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. इंग्लंडास परतल्यावर त्यांनी १९२८ च्या सुमारास साऱ्या पृथ्वीच्या किरणांचा जमाखर्च मांडला. हवेतील पाण्याची वाफ कोणते उष्णकिरण अडविते व कोणते सोडते, याचा विचार करून त्यांनी खर्चाची बाजू काढली. जमेच्या बाजूस त्यांनी असे धरले, की पृथ्वी ४३ टक्के सूर्यप्रकाश परतविते. तेव्हाचा मान्य आकडा तोच होता. दोन्ही बाजू सुरेख जुळल्या. परंतु आज उपग्रहांवरून आपणांस ठाऊक आहे, की पृथ्वी अवघा २९–३० टक्के प्रकाश परतविते. सिम्प्सन यांच्या दोन्ही बाजू २०० वॅटांच्या आत होत्या. खरा आकडा २४० चा. ताळा जमला होता. गुणाकार मात्र चुकलेला होता. यात त्यांना उणेपणा नाही, कारण साधने तेवढीच होती. परंतु दोन आकडे जुळले एवढ्यावरून समाधान मानू नये, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

ऊन मोजण्याच्या मापांतही असाच घोळ होता. स्वीडनमधील ऑंगस्ट्रॉम यांचे माप १९०५ चे, अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे १९१३ चे; आणि एकच ऊन दोघांनी मोजले तर उत्तरांत सुमारे साडेतीन टक्क्यांचा फरक पडे. जगातील अर्धी केंद्रे एक माप वापरीत, अर्धी दुसरे. अखेर १९५६ साली पहिले दीड टक्क्याने वाढवून व दुसरे दोन टक्क्यांनी घटवून नवे सामाईक माप ठरविण्यात आले. ही एक प्रकारची तडजोडच होती, आणि पोकळीच्या तत्त्वावरील सूक्ष्म यंत्रे आल्यावर तीही सुधारावी लागली. याच सुमारास, १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षानिमित्त, ॲना मणी यांनी भारतात ऊन मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. त्यात पुणे होते, वऱ्हाडास जवळचे असे नागपूरही होते. यंत्रे परदेशांतून आणण्याऐवजी ती येथेच घडवावीत, आणि प्रत्येक यंत्र प्रमाण यंत्राशी ताडून मगच केंद्रावर पाठवावे, हा त्यांचा कटाक्ष होता.

उन्हाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्याहून जुना, आणि वऱ्हाडच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा. पुण्यास १९३२ साली कृषि-हवामानशास्त्राची शाखा निघाली, तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास. ज्या काळ्या मातीवर वऱ्हाडचा कापूस उभा राहतो, तशाच काळ्या मातीवर त्यांनी प्रयोग केले. उघड्या काळ्या जमिनीवर पांढऱ्या पुडीचा पातळ थर पसरला, तर तेवढ्याने जमिनीचे तापमान लक्षणीय उतरते, असे त्यांस आढळले. कोरड्या दिवसांत ही माती रात्री हवेतील ओल शोषते आणि दिवसा परत करते, हेही त्यांनी व त्यांचे सहकारी कट्टी यांनी दाखविले. म्हणजे जमीन ही उन्हाची निमूट धनको नव्हे. ती रंगानुसार व ओलीनुसार देवघेव बदलणारी व्यापारी आहे.

१९७८ पासून उपग्रहांनी सूर्याची ऊर्जा थेट अंतराळात मोजावयास आरंभ केला. आरंभीच्या यंत्रांनी १३७२ पर्यंतचे आकडे दिले, पुढील यंत्रांनी १३६६ च्या आसपासचे, आणि २००३ पासून काम करणाऱ्या यंत्राने १३६१. सूर्य मंदावला नव्हता. जुन्या यंत्रांच्या तोंडातून आडवातिडवा प्रकाश आत शिरत होता. हा पाच वॅटांचा फरक पृथ्वीच्या साऱ्या पृष्ठभागावर वाटला आणि परतणारा प्रकाश वजा केला, तर सुमारे पाऊण ते एक वॅट होतो. आणि कर्बवायू वाढल्यामुळे पृथ्वीपाशी दर साल जी ऊर्जा शिल्लक राहते, ती २०१० च्या दशकात साधारण तेवढीच, ०·९ वॅटांच्या आसपास, भरत होती. जे शोधावयाचे, तेवढीच मापातील चूक !

मग ही शिल्लक खरी कशावरून ? उपग्रहांनी मोजलेले येणारे व जाणारे आकडे वजा केले, तर बाकी सुमारे ४ वॅट येते. ती इतकी असणे शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळे दप्तर उघडले. ही उष्णता ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रात साठते, आणि समुद्राचे तापमान हजारो तरंगती यंत्रे दोन किलोमीटर खोलीपर्यंत मोजीत असतात. उपग्रहांची पातळी या दप्तराशी जुळवून घेतली गेली. येथे कोणी म्हणेल, की जुळवून घेतलेले आकडे जुळले, यात नवल ते काय ? शंका रास्त आहे. परंतु पातळी जुळविली, तरी वर्षानुवर्षे होणारी वाढ जुळविलेली नव्हती. २०२१ साली नॉर्मन लोब व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१९ या काळाची ती वाढ दोन्ही दप्तरांतून स्वतंत्रपणे काढली. दोन्हींतून दर दशकास जवळजवळ अर्धा वॅट हेच उत्तर आले. आकाशातून पाहणाऱ्या यंत्रास समुद्रातील यंत्राची वही ठाऊक नव्हती. स्वतंत्र साक्षीदारांच्या अशा जुळण्यालाच पुरावा म्हणावयाचे.

वातावरणाचे पोटखाते मात्र अजून इतके नीट मिटलेले नाही. जमिनीवर व समुद्रावर पोचणारी ऊर्जा एका दप्तरातून, आणि पाऊस दुसऱ्या दप्तरातून घेतला, तर दहा वॅटांहून अधिक फरक राहतो. पावसाने मिळणारी उष्णता ट्रेनबर्थ यांच्या २००९ च्या हिशेबात ८० वॅट आहे, तर स्टीफन्स यांच्या २०१२ च्या हिशेबात ८८. या आठ वॅटांचा अर्थ असा, की साऱ्या पृथ्वीवर वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस मोजावयाचा राहून गेला आहे किंवा किरणे अधिक मोजली गेली आहेत. अलीकडे युरोप, अमेरिका, जपान व भारत येथे जुन्या नोंदी गणकयंत्रांत घालून गतकाळाचे सलग हवामान पुन्हा रचतात. त्यांची उत्तरे परस्परांशी बरीच जुळतात. पण ती बव्हंशी त्याच नोंदी खाऊन वाढलेली भावंडे आहेत. चार भावांनी एकच साक्ष दिली, तर ती चार साक्षी होत नाहीत.

येथे तहसील कचेरीतील त्या पाच इंची भांड्याची किंमत कळते. उपग्रहाच्या किंवा गणकयंत्राच्या नकाशातील एक चौकोन पंचवीस किलोमीटर लांबीरुंदीचा धरला, तर तो त्या भांड्याच्या तोंडाच्या सुमारे पाच हजार कोटी पट होतो. अकोल्याचे सपाट पायनघाट आणि सातपुड्यावरील, जवळपास दुप्पट पावसाचे चिखलदरा यांमध्ये असे चारपाच चौकोनच बसतील. तेव्हा नकाशात पुसून गेलेला चढउतार भांड्याच्या नोंदीवाचून दिसावयाचा नाही. आणि हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकाच्या नुकसानीचा दावा त्या आकड्यावर उभा राहतो. यंत्र झाडाच्या आडोशास बसविले, किंवा त्याच्या तोंडाशी पाला साचला, तर दोन-चार मिलिमीटर सहज कमी भरतात. शास्त्रज्ञाच्या कागदावर तो किरकोळ फरक. सोयाबीन पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्याच्या घरी तो वर्षाचा प्रश्न होय.

म्हणून पर्जन्यमापकाची जागा बदलावी लागली, तर जुने व नवे यंत्र काही वर्षे शेजारी चालवून दोहोंची नोंद ठेवावी, जागा कोणत्या दिवशी व का बदलली ते वहीत लिहावे, आणि जेथे नोंद झालीच नाही तेथे शून्य न मांडता जागा कोरी सोडावी, असा या शास्त्राचा जुना दंडक आहे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही; कोरी जागा म्हणजे पाहिले नाही. ब्लॅनफर्ड यांच्या काळापासून आजच्या स्वयंचलित केंद्रांपर्यंत साधने कितीतरी पालटली, पण या दोहोंतील भेद जेथे पाळला गेला, तेथलीच दप्तरे पुढे ताळ्यास उपयोगी पडली आहेत.